सांगलीतला डोंगर

आमच्या जुन्या कचेरीतलं कुणी भेटलं की एक किस्सा निघतो. तो संपायच्या आत समोरचा म्हणतो, "आणि ते भडंगाचं?" मग ते भडंगाचं निघतं. चहा गार होतो, घरातली माणसं एकेक करून उठून जातात, कारण त्यांनी हे सगळं दहादा ऐकलेलं असतं. आता तर भेटणारेही कमी झालेत. एकट्यानं आठवून एकट्यानंच हसायचं म्हणजे सुनेला काळजी वाटते. म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

साल एकोणीसशे एकोणपन्नास. सांगली संस्थान आदल्या वर्षी विलीन झालं होतं. मग सरकारनं आमच्या भल्यामोठ्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग केले. वरचा उत्तर सातारा, खालचा दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याचा कारभार सांगलीतून चालायचा होता. त्यासाठी जी नवी कचेरी थाटली, तिच्यात निम्मी माणसं साताऱ्याहून बदलून आलेली आणि निम्मी संस्थानच्या नोकरीत मुरलेली. एका खोलीत समोरासमोर टेबलं मांडून दोन गावं बसवल्यासारखं झालं होतं.

मी साताऱ्याचा, पाटणकर. वय बावीस, नोकरीला दीड वर्ष. माझे वरिष्ठ बाबूराव इंगवले. मूळ गाव उंब्रजजवळ, पण घर साताऱ्यात केलेलं. लढाईच्या काळात पलटणीच्या ऑफिसात कारकून होते. तिथून परत येताना दोन गोष्टी घेऊन आले, ताठ पाठ आणि अस्सल इंग्रजी. मराठी मात्र शेवटपर्यंत गावाकडचीच राहिली.

त्यांच्या समोरच्या टेबलावर गुंडोपंत. संस्थानच्या दफ्तरात चोवीस वर्षं काढलेली. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, आणि कुठलाही कागद हातात घेण्याआधी चष्मा पुसायची सवय.

आम्ही आलो त्या दिवशी साताऱ्याहून दोन ट्रक भरून दफ्तर आलं. लाल कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. त्यांना आम्ही रुमाल म्हणायचो. गुंडोपंत दारात उभे राहून एकेक रुमाल उतरवून घेत होते, नव्या सुनेचं सामान बघावं तसे. बाबूराव ट्रकमधून उतरले. कमरेवर हात ठेवून त्यांनी चारी बाजूंनी पाहून घेतलं.

"पंत, तुमच्या गावाला डोंगर कुठल्या बाजूला हाय?"

"डोंगर नाही."

"न्हाईच? मग सूर्य मावळतो कशाच्या मागं?"

गुंडोपंतांनी चष्मा पुसला. "आमच्याकडं सूर्याला लपायचं काही कारण पडत नाही," म्हणाले आणि पुढचा रुमाल उतरवून घेतला.

भांडण त्या दिवशी सुरू झालं.

*

गुंडोपंतांना सगळ्यात जास्त लागलं ते जिल्ह्याचं नाव. जन्म सांगलीतला, शाळा सांगलीतली, नोकरी सांगलीतली, आणि आता प्रत्येक कागदाच्या डोक्यावर लिहायचं काय, तर दक्षिण सातारा. गुंडोपंत ते शब्द असे लिहायचे की भिंग लावूनच वाचावेत. पुढेपुढे त्यांनी त्याचं नुसतं 'द. सा.' केलं.

आमचा पट्टेवाला मारुती कडेगावचा. पन्नाशीचा माणूस. त्याला सातारा आणि सांगली दोन्ही सारखीच लांब, त्यामुळं तो कुणाच्याच बाजूचा नव्हता. बेताचं वाचायचा. एकदा टपाल न्यायला आला आणि पाकीट हातात धरून उभा राहिला.

"पंत, हे द. सा. म्हंजे काय वं?"

"द. म्हणजे दक्षिण."

"आन सा.?"

बाबूराव समोरून कान देऊन ऐकत होते. गुंडोपंतांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग मारुतीकडं.

"सा. म्हणजे सांगली. अनुस्वार द्यायचा राहिलाय."

*

कचेरीबाहेर चहाचं दुकान होतं. दुपारी चारला दोन्ही पक्ष तिथं यायचे. दुकानदार सांगलीचा. चहा उत्तम करायचा, पण साताऱ्याच्या माणसानं सांगलीतल्या चहाला चांगलं म्हणायचं कसं?

बाबूरावांनी एक घोट घेतला, पेल्यात बघितलं. "पाणी कुठलं हो हे?"

"कुठलं म्हणजे?" गुंडोपंत म्हणाले. "नदीचं. कृष्णेचं."

"आसं व्हय. मग बरोबर. ही कृष्णा आमच्याकडनं येती, ठावं हाय न्हवं? उंब्रजला माझ्या थोरल्या भावाची म्हस रोज सकाळी तिच्यात डुंबती. चांगली दोन तास डुंबती. मग तेच पाणी खाली येतं आन तुमी घागरी भरून घरला नेता."

साताऱ्याची सगळी बाजू हसली. मीही हसलो. चहावाला कावराबावरा झाला.

गुंडोपंतांनी आपला चहा संपवला. पेला खाली ठेवला.

"तरीच," ते म्हणाले. "आमच्या चहाला दूध कमी लागतं."

त्या दिवशी बाबूराव ताठ मानेनं कचेरीत परतले. टेबलाशी बसल्यावर मात्र फायलीमागं तोंड घेऊन पाच मिनिटं हसत होते. मी शेजारी होतो म्हणून मला कळलं.

*

आता ते भडंगाचं.

बाबूराव घरी जाऊन आले की कंदी पेढे आणायचे. बायको आणि दोन मुली साताऱ्यालाच होत्या. इथं आम्ही दोघं एक खोली घेऊन राहत होतो आणि खाणावळीत जेवत होतो. सोमवारी सकाळी पेढ्यांचा पुडा टेबलावर यायचा आणि बाबूरावांचं व्याख्यान सुरू व्हायचं. गुंडोपंत पेढा घ्यायचे, खायचे, आणि दुसऱ्या दिवशी घरून भडंगाचा डबा आणायचे. लसूण घातलेले चुरमुरे, तिखट, कुरकुरीत. पंतांच्या घरच्या काकूंच्या हातचं, तसं भडंग मी पुढं कुठंच खाल्लं नाही.

एके दिवशी हे फारच वाढलं. शेवटी ठरलं की निवाडा कडेगावानं करायचा. मारुतीला खुर्चीवर बसवलं. चोवीस वर्षांत कचेरीतल्या खुर्चीवर पट्टेवाला बसलेला पाहिला नव्हता, असं गुंडोपंत नंतर म्हणाले, पण त्या दिवशी त्यांनी स्वतः खुर्ची सरकवली. एका हाताला पुडा, एका हाताला डबा.

मारुतीनं एक पेढा खाल्ला. मूठभर भडंग खाल्लं. परत पेढा. परत भडंग. पुडा अर्धा झाला, डबा अर्धा झाला.

"मारुती, बोल की काहीतरी," गुंडोपंत म्हणाले.

मारुतीनं मिशा पुसल्या. "काय हाय, पेढ्यावर भडंग लय झ्याक लागतंय. आन भडंगावर पेढा त्याहून झ्याक. आज काय निकाल लागत न्हाई. उद्या परत बगाया पायजे."

हा निवाडा पुढं महिनाभर चालला.

*

सप्टेंबरात एक परिपत्रक आलं आणि हसणं थांबलं.

संस्थानच्या नोकरीतून आलेल्या कारकुनांनी खात्याची परीक्षा द्यायची. त्यात एक पेपर इंग्रजीचा. पास झाला तर आहे ती जागा कायम. नापास झाला तर सगळ्यात खालच्या पायरीवर, कालच्या मॅट्रिक पोरांच्या बरोबरीनं.

गुंडोपंतांचा सगळा कारभार मराठीतला. मोडी असं वाचायचे की कागद त्यांच्याशी बोलतोय असं वाटावं. इंग्रजीत त्यांना सही येत होती आणि तारीख घालता येत होती. वय सेहेचाळीस. शिवाय थोरल्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं आणि मुलाकडच्यांनी वडील हेडकारकून आहेत एवढं ऐकून होकार दिला होता.

परिपत्रक बाबूरावांनीच वाचून दाखवलं, कारण ते इंग्रजीत होतं. गुंडोपंतांनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग पुन्हा काढला आणि पुन्हा पुसला. त्या दिवशी चारला ते चहाला आले नाहीत. आमच्या बाजूचा एकजण म्हणाला, "चला, सांगलीची विकेट पडली."

बाबूरावांनी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं चहा तसाच टाकला आणि उठून गेला.

*

पंधरा दिवसांनी असेल. बाबूराव पहाटे फिरायला जायचे, ही पलटणीतली सवय. मी कधी जात नसे. त्या सकाळी जाग आली म्हणून आंघोळीला घाटावर गेलो.

उजाडलं होतं. पायऱ्यांवर चारपाच जण संध्या करत बसले होते. त्यांत गुंडोपंत, ओला पंचा, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. मी जवळ गेलो आणि ऐकलं.

"द रिव्हर इज डीप. द रिव्हर वॉज डीप. द रिव्हर विल बी डीप."

दोन पायऱ्या वर बाबूराव काठी टेकून बसले होते. गुंडोपंत अडले की ते काठी दगडावर एकदा आपटायचे.

शेजारच्या म्हाताऱ्या भटजींची संध्या आटोपली. ते बराच वेळ कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "गुंडोपंत, हे स्तोत्र कधी ऐकलं नाही. कुठलं हो?"

गुंडोपंतांनी डोळे न उघडताच सांगितलं, "नव्या सरकारचं."

मी वळून निघालो तेवढ्यात बाबूरावांनी मला पाहिलं. वर आले. खांद्यावर हात ठेवला.

"पाटणकर, तू काय बगितलं?"

"काही नाही."

"शाब्बास." थोडं थांबून म्हणाले, "चोवीस वर्सं काम केलेल्या माणसाला नवशिका उमेदवार करून बशिवणार. मग मी भांडू कुणाशी? तुज्याशी?"

मी म्हटलं, "पण कचेरीत तर तुम्ही पूर्वीपेक्षा जास्त भांडताय."

"भांडाय नको? न्हाईतर लोकास्नी संशय येईल."

*

ते खरंच होतं. ऑक्टोबरात त्या दोघांचं इतकं वाजायचं की साहेबांच्या खोलीपर्यंत आवाज जायचा. एकदा विषय होता हवेचा. साताऱ्याच्या हवेनं भूक लागते, असं बाबूरावांचं म्हणणं. त्याला गुंडोपंत म्हणाले, भूक लागते कारण तिथं पोटभर मिळत नाही. बाबूराव टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "म्हंजे आमी उपाशी मरतो म्हनता तुमी?"

गुंडोपंतही उठून उभे राहिले. रागाच्या भरात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "नॉट ॲट ऑल!"

गुंडोपंतांच्या तोंडून इंग्रजी? सगळे बघायला लागले.

आणि बाबूरावांच्या तोंडून, तितक्याच रागात, निघून गेलं, "उच्चार बरोबर हाय!"

त्यानंतर लपवायचं काही उरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत त्याच टेबलावर शिकवणी सुरू झाली आणि अख्खी कचेरी स्पेलिंग विचारायला लागली. ज्यानं विकेट पडली म्हटलं होतं, तोच व्याकरणाचं पुस्तक घेऊन आला.

*

परीक्षेत एक निबंध असायचा. बाबूरावांना आयुष्यात एकच निबंध तोंडपाठ होता. शाळेत मास्तरांनी करून घेतलेला, 'माझं गाव', म्हणजे सातारा. सातारा डोंगराच्या पायथ्याशी वसला आहे. डोंगरावर जुना किल्ला आहे. हवा थंड आणि आरोग्यदायक आहे. वगैरे.

"हा पाठ करा," ते म्हणाले. "गावावर निबंध हमखास येतो."

गुंडोपंत म्हणाले, "मी सांगलीचा. साताऱ्याची स्तुती लिहिणार नाही."

"आवं, परीक्षा हाय ती."

"परीक्षा आहे म्हणूनच. खोटं कसं लिहू?"

दोन दिवस यावर गेले. शेवटी तोड निघाली. निबंध तोच, फक्त साताऱ्याच्या जागी सांगली घालायचं. गुंडोपंतांनी घाटावर बसून तसा पाठ केला. वाक्यांचे अर्थ बाबूरावांनी एकदा समजावून सांगितले होते, पण पाठांतराच्या घाईत अर्थ मागं राहिला आणि शब्द पुढं गेले.

नोव्हेंबरात परीक्षा झाली. निबंध आला गावावरच. लेखी झाल्यावर तोंडी. ती घ्यायला आमचेच साहेब बसले होते. साहेब गुजराती, मराठी छान बोलायचे. आम्ही बाहेर व्हरांड्यात. बाबूराव येरझाऱ्या घालत होते. आपल्या बायकोच्या बाळंतपणातही आपण इतकं चाललो नव्हतो, असं त्यांनीच मला सांगितलं.

आत काय झालं ते दाराशी उभ्या असलेल्या मारुतीनं ऐकलं.

साहेबांनी पेपर पुढं ठेवला. "गुंडोपंत, इंग्रजी चांगलं लिहिलंय. एक शंका आहे. तुम्ही लिहिलंत, सांगली डोंगराच्या पायथ्याशी वसली आहे. मी इथं चार महिने राहतोय. हा डोंगर मला अजून दिसला नाही. कुठं आहे?"

मारुती म्हणाला, पंतांनी चष्मा काढला आणि इतका वेळ पुसला की साहेब आता उठतात का काय असं वाटलं. मग म्हणाले, "साहेब, साताऱ्याचं नाव आलं, माणसं आली, दफ्तर आलं. डोंगर तेवढा अजून यायचा आहे."

साहेब हसायला लागले ते बाहेर आम्हाला ऐकू आलं. बाबूरावांच्या येरझाऱ्या तिथंच थांबल्या.

निकाल लागला. गुंडोपंत पास, जागा कायम. मुलीचं लग्न त्याच मुलाशी ठरलं. त्या दुपारी पंत बाबूरावांच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. काहीतरी बोलायचं होतं, पण जमत नव्हतं. शेवटी म्हणाले, "त्या डोंगरापायी माझे दोन मार्क गेले."

बाबूरावांनी कागदावरून मान वर केली नाही. "व्हय. बाकीचे साताऱ्यानं दिले."

गुंडोपंत आपल्या जागेवर जाऊन बसले. थोड्या वेळानं दोघांनीही नाक शिंकरलं. आधी कुणी, ते आठवत नाही.

*

डिसेंबराच्या शेवटी बाबूरावांची बदली झाली, परत साताऱ्याला. अर्ज त्यांनीच केला होता, इथं आल्याच्या पहिल्या आठवड्यात. घर तिकडं, मुली तिकडं. हुकूम हातात पडला तेव्हा आम्हाला वाटलं, पेढे वाटतील. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि दिवसभर काम करत राहिले. गुंडोपंतही त्या दिवशी कशावरूनही भांडले नाहीत. संध्याकाळी सगळे निरोप द्यायला आले, तेव्हा पंत आधीच घरी गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि मारुती मोटारस्टँडवर पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी. साताऱ्याची गाडी लागली. बाबूराव रस्त्याकडं बघत उभे.

"चढा की," मी म्हटलं.

"गर्दी हाय. पुढच्यानं जातो."

गाडीत सहा माणसं होती. ती गेली. दीड तासानं दुसरी लागली. मारुतीनं ट्रंक वर चढवली, बाबूरावांनी ती खाली घ्यायला लावली. ड्रायव्हरचा चेहरा बरोबर वाटत न्हाई, म्हणाले. मारुतीला राहवलं नाही.

"रावसायब, पंत येनार न्हाईत. आसल्या टायमाला त्यास्नी जमत न्हाई. मी वळखतो त्यास्नी."

बाबूरावांनी परत एकदा रस्त्याकडं पाहिलं. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. मग त्यांनी स्वतःच ट्रंक उचलली, वर गेले आणि डाव्या बाजूच्या खिडकीपाशी बसले. मी खाली उभा.

तेवढ्यात रस्त्यावरून काळी टोपी येताना दिसली. गुंडोपंत धावत होते. त्यांना धावताना मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं. अंगात लग्नाकार्याचा कोट, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डबा. आमच्याकडं न बघता ते सरळ गाडीत चढले.

"लय उशीर केला पंत," बाबूराव म्हणाले.

"साहेब भेटेपर्यंत थांबावं लागलं. रजा मागायची होती."

"रजा? कुणाला?"

"मला. तीन दिवस." गुंडोपंत धापा टाकत होते. "साताऱ्याला येतोय. सेहेचाळीस वर्षं झाली, एकदाही गेलो नाही. काय आहे ते एकदा बघून तरी येतो."

बाबूराव त्यांच्याकडं बघतच राहिले. गुंडोपंतांनी डबा मांडीवर घ्यायच्या बेतानं जागा पाहिली, पण बसले नाहीत.

"उठा," ते म्हणाले. "खिडकीशी मी बसतो. तुमचं बघून झालंय."

बाबूराव उठले, आणि बाजूला सरकले.